फोडाची कड वाचायची कशी: पेम्फिगस, पेम्फिगॉइड आणि त्यांचे सोबती सूक्ष्मदर्शकाखाली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी तुमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. 62 वर्षांच्या, मधुमेह असलेल्या एका गृहस्थांच्या मांडीवरच्या फोडाची बायोप्सी फॉर्मेलिनमध्ये आली. आधी तीन महिने नुसती खाज होती, मग पाण्याचे फोड आले. स्लाइडवर एका टोकाला फोड बाह्यत्वचेच्या खाली दिसतो आणि दुसऱ्या टोकाला बाह्यत्वचेच्या आत. इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मोजकेच आहेत. इम्युनोफ्लुरोसन्सची, म्हणजे त्वचेत साठलेली प्रतिपिंडं चमकत्या रंगानं दाखवणाऱ्या तपासणीची, सोय गावात नाही. याला पेम्फिगस म्हणायचं की पेम्फिगॉइड? आणि एकंदरीत हे ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्यानं होणारे) फोडांचे आजार ओळखायचे कसे?

तुमच्या स्लाइडबद्दल शेवटी बोलतो, कारण तिचं उत्तर मधल्या गोष्टींत आहे.

या दोन नावांत एका अक्षराचा खेळ वाटतो, पण रुग्णाच्या दृष्टीनं फरक फार मोठा आहे. 1953 साली त्वचारोगतज्ज्ञ वॉल्टर लीव्हर यांनी पेम्फिगॉइड हा आजार पेम्फिगसपासून वेगळा काढला, आणि तो सूक्ष्मदर्शकाच्याच जोरावर. त्याच्या दहा वर्षं आधी सिव्हाट यांनी पेम्फिगसमध्ये पेशी एकमेकींपासून सुटतात हे नेमकं दाखवलं होतं. लीव्हर यांनी पाहिलं की काही रुग्णांत पेशी सुटतच नाहीत, अख्खी बाह्यत्वचाच खालच्या थरापासून उचलली जाते, आणि हे रुग्ण बहुधा वयस्क असतात, त्यांचा आजार तितका जीवघेणा नसतो. उपचारांत फरक आजही आहे. पेम्फिगॉइडच्या म्हाताऱ्या माणसाला पुष्कळदा अंगाला लावायच्या तीव्र स्टेरॉइड मलमावर आवरता येतं. पेम्फिगस व्हल्गॅरिसला (पेम्फिगसच्या मुख्य प्रकाराला) मात्र स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रा, रिटुक्सिमॅबसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, वर्षानुवर्षांची देखरेख लागते. आपण रिपोर्टवर लिहिलेल्या एका शब्दावर हे सगळं ठरतं. शिवाय पाश्चात्त्य देशांत पेम्फिगॉइड जास्त आणि पेम्फिगस कमी, आपल्याकडे उलट. आपल्या दवाखान्यांत पेम्फिगसचा रुग्ण चाळिशी-पन्नाशीतला, घर चालवणारा असतो. परदेशी पुस्तकातलं प्रमाण डोक्यात धरून स्लाइड वाचली तर चूक होते.

सुरुवात सूक्ष्मदर्शकापासून नाही, पंचपासून, म्हणजे त्वचेचा गोल तुकडा कापणाऱ्या हत्यारापासून होते. नवखा डॉक्टर सगळ्यात मोठा, टचटचीत भरलेला फोड निवडतो, कारण तो डोळ्यात भरतो. आपल्याला हवा असतो सगळ्यात लहान आणि सगळ्यात नवा, शक्यतो 24 तासांच्या आतला, आणि तोही असा की तुकड्यात फोडाची कड आणि शेजारची न सुटलेली त्वचा दोन्ही येतील. मोठ्या फोडाच्या मधोमध पंच मारला तर छप्पर एकीकडे, तळ दुसरीकडे आणि बाटलीत दोन चिंध्या, असं होतं. इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा दुसरा तुकडा फोडावरचा नकोच. फोडापासून एक सेंटिमीटरच्या आतली, वरून साबूत दिसणारी त्वचा हवी. फोडाच्या जागी दाह इतका पेटलेला असतो की साठलेली प्रतिपिंडं तिथेच नष्ट होतात. पायाच्या खालच्या भागावरून शक्यतो घेऊ नये, तिथे खोटा नकारात्मक निकाल येण्याची शक्यता जास्त. आणि हा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घालायचा नाही. मिशेल माध्यम (असा तुकडा टिकवणारं खास द्रावण) असेल तर उत्तम, काही दिवस टिकतं. नसेल तर साधं नॉर्मल सलाइन चालतं, पण 24 तासांत लॅबपर्यंत पोचलं पाहिजे. मी कितीतरी वेळा दोन्ही तुकडे एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत आलेले पाहिले आहेत. अशा वेळी रुग्णाला पुन्हा सुई टोचायची, पुन्हा टाका घालायचा. ज्याच्या अंगावर धड कातडी उरलेली नाही त्याच्यावर ही वेळ आणणं मला आजही सहन होत नाही.

आता स्लाइड. ती लावल्यावर पहिली पाच मिनिटं सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगावर राहा. फोडाची पोकळी लक्ष वेधून घेते, पण पोकळीत सांगण्यासारखं थोडंच असतं. नजर कडेला न्या, जिथे फोड संपतो आणि न सुटलेली त्वचा सुरू होते. तिथे फट नुकती पडते आहे, त्यामुळे ती मुळात कुठल्या थरातून पडली हे तिथेच कळतं. मध्यभागी सगळं जुनं झालेलं असतं.

हे मी अनुभवानं सांगतो. उमेदवारीच्या काळात सत्तरीच्या एका आजींची बायोप्सी माझ्याकडे आली. फोड चार-पाच दिवसांचा. त्याच्या तळाला चपट्या पेशींचा एक पातळ थर होता. मी वाचलं: बेसल थर (बाह्यत्वचेचा सगळ्यात खालचा थर) तळाला राहिला आहे, फट त्याच्या वर आहे, म्हणजे पेम्फिगस व्हल्गॅरिस. रिपोर्ट गेला. दुसऱ्या दिवशी त्वचारोगतज्ज्ञांचा फोन आला: "फोड ताणलेले आहेत, बोटानं दाबून पसरत नाहीत, तोंड स्वच्छ आहे. पेम्फिगस कसा?" मी ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पुन्हा काढला, खोलवर सेक्शन (पातळ काप) घेतले, आणि कडेला बाह्यत्वचा अख्खीच्या अख्खी उचललेली स्पष्ट दिसली. तळाचा तो थर बेसल थर नव्हताच. फोड दोन-तीन दिवसांचा झाला की आजूबाजूच्या आणि केसांच्या मुळांतल्या पेशी तळावर सरकून नवी कातडी विणायला घेतात. मग खालचा फोड आतला वाटू लागतो. भरून येणाऱ्या पेशी चपट्या, लांबट, थोड्या फिकट असतात. पेम्फिगसच्या तळाच्या पेशी उभ्या, ठळक. हा फरक तेव्हा मला माहीत होता, पण मी कडेला पाहिलंच नव्हतं. औषध सुरू होण्याआधी फोन आला म्हणून निभावलं. तेव्हापासून फोडाच्या प्रत्येक बायोप्सीत किमान सहा स्तरांवरचे सेक्शन मागतो.

कडेला फट बाह्यत्वचेच्या आत दिसली तर पुढचा प्रश्न: पेशी सुटल्या आहेत का? म्हणजे अ‍ॅकँथोलिसिस आहे का? पेम्फिगस व्हल्गॅरिसचं चित्र एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. तळाला बेसल पेशींची ओळ मूळ धरून उभी असते, पण पेशी शेजारणींपासून सुटलेल्या असतात, मध्ये फटी. इंग्रजी पुस्तकं याला थडग्यांच्या दगडांची रांग म्हणतात. आपल्याकडे जुन्या देवळाबाहेर वीरगळ ओळीनं उभे असतात, थोडे झुकलेले, एकमेकांना न टेकलेले, पण जमिनीत पक्के रोवलेले. मला ते दिसतात. पोकळीत गोल झालेल्या पेशी सुट्या तरंगतात. त्यांचा केंद्रक मोठा आणि गडद, भोवती फिकट वलय, आणि जीवद्रव्य कडेला आकसून काळपट झालेलं. आणखी एक जागा मुद्दाम तपासा, ती म्हणजे केसाची नळी. पेम्फिगस व्हल्गॅरिसमधली फट केसाच्या बाहेरच्या आवरणात खोल उतरते. वरची कातडी झडून गेली असेल, फक्त वीरगळ उरले असतील, तरी केसाच्या नळीतली फट निदान सांगून जाते.

हेच चित्र तोंडाच्या आतल्या बायोप्सीत दिसतं, आणि तिथे आपला उशीर सगळ्यात जास्त होतो. पेम्फिगस व्हल्गॅरिस पुष्कळदा तोंडातच सुरू होतो. रुग्ण सांगतो, "तोंड आलंय." मग उष्णता झाली म्हणून गुलकंद, सब्जा, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, कुणी दाताच्या डॉक्टरकडे पाठवतं, आणि महिने जातात. तोंडातला फोड क्षणात फुटतो, त्यामुळे उरते ती साल गेलेली लाल जागा. त्या जागेच्या मधून तुकडा घेतला तर फक्त व्रण दिसतो आणि रिपोर्ट जातो: अविशिष्ट व्रण. कडेचा तुकडा मागा. आणि बायोप्सीच्या आधी एक दहा मिनिटांची तपासणी हाताशी आहे: फोडाच्या तळाला हलकेच खरवडून स्लाइडवर पसरायचं आणि जिम्सा रंग द्यायचा. 1947 मध्ये आर्नो झांक यांनी ही पद्धत रुळवली. त्यात सुट्या गोल अ‍ॅकँथोलिटिक पेशी दिसल्या तर बायोप्सीचा आग्रह धरायला भक्कम कारण मिळतं. याच लेपात अनेक केंद्रकांच्या, काचेसारख्या धुरकट केंद्रकाच्या पेशी दिसल्या तर ती नागीण किंवा हर्पीस आहे, आणि उपचारांची दिशाच बदलते. ज्या गावात बाकी काही नाही तिथे या लेपाचं मोल मला फार वाटतं.

पेम्फिगस फोलिएशियस या दुसऱ्या प्रकारात फट वर असते, ग्रॅन्युलर थरात किंवा शृंगी थराच्या (त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मेलेल्या पेशींच्या थराच्या) लगेच खाली. छप्पर इतकं पातळ की लॅबमध्ये पोचेपर्यंत उडून गेलेलं असतं. स्लाइडवर वाटतं, इथे काही नाही, वरचा थर तेवढा गेला आहे. अशा वेळी वरच्या काठावरच्या ग्रॅन्युलर पेशी मोठ्या भिंगाखाली बघा, एखाद-दुसरी सुटलेली, गोल, गडद सापडते. तुकड्याभोवती शृंगी थराचे सुटे कपटे पडले असतील तर तेही बघा, त्यांच्या खालच्या बाजूला पेशी चिकटलेल्या असतात. या रुग्णांचं तोंड स्वच्छ असतं, आणि त्याचं कारण समजून घेतलं की सगळं नीट डोक्यात बसतं. पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या डेस्मोग्लीन 1 आणि डेस्मोग्लीन 3 या प्रथिनांची वाटणी सारखी नाही. त्वचेच्या वरच्या थरांची भिस्त एकट्या 1 वर आहे. तोंडाच्या अस्तराची भिस्त मुख्यतः 3 वर आहे. 1 विरुद्ध प्रतिपिंडं झाली की त्वचेचा वरचा थर सुटतो, तोंड टिकतं. 3 विरुद्ध झाली की तोंड सोलतं. दोन्हींविरुद्ध झाली की तोंड आणि अंग दोन्ही. आणि गंमत म्हणजे लहान मुलांच्या फोडांच्या इम्पेटायगोत (त्वचेच्या संसर्गात) स्टॅफिलोकोकस जिवाणूचं विष नेमकं हेच डेस्मोग्लीन 1 कापतं. म्हणून इम्पेटायगो आणि फोलिएशियस यांची फट एकाच उंचीवर पडते आणि स्लाइडवर दोघांची गल्लत होते. न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) भरपूर, ग्रॅम रंगात गोल जिवाणू, ही इम्पेटायगोकडे बोट दाखवणारी लक्षणं. पण फोलिएशियसलाही वरून संसर्ग होतो. संशय राहिला तर इम्युनोफ्लुरोसन्सशिवाय निकाल देऊ नका.

अ‍ॅकँथोलिसिस दिसला की पेम्फिगस, असं गणित मात्र मांडू नका. हेली-हेली आजारात पेशी अर्ध्या सुटून अर्ध्या धरून असतात, चुना निघालेली विटांची जुनी भिंत ढासळताना थांबावी तशा, आणि केसाच्या नळ्या बहुधा वाचतात. डेरियरमध्ये अकाली पिकलेल्या गोल पेशी आणि दाणे दिसतात. दोन्ही आजार वंशपरंपरेचे, दोन्हींत इम्युनोफ्लुरोसन्स नकारात्मक. काखेत, जांघेत, मानेवर वर्षानुवर्षं येऊन-जाऊन असणारा त्रास आणि घरात आणखी कुणाला तोच, एवढं विचारलं तरी काम होतं. फॉर्मवर वय आणि जागा लिहिलेली नसेल तर स्लाइड बाजूला ठेवून फोन करा.

पेम्फिगसच्या व्हेजिटन्स प्रकारात बाह्यत्वचा जाड होते आणि तिच्या आत इओसिनोफिलची गळवं साचतात. पॅरानिओप्लास्टिक (शरीरातल्या गाठीमुळे उठणाऱ्या) पेम्फिगसमध्ये अ‍ॅकँथोलिसिसच्या जोडीला बेसल पेशींचा नाश दिसतो, म्हणजे पेम्फिगस आणि लायकेन प्लेनस एकाच स्लाइडवर. तोंड, ओठ भयंकर सोललेले आणि अशी मिश्र स्लाइड असेल तर रिपोर्टमध्ये लिंफोमा किंवा अन्य गाठीचा शोध घ्या असं स्पष्ट लिहा.

आता दुसरं घराणं: फट बाह्यत्वचेच्या खाली. इथे पेशी सुटत नाहीत, सगळा थर एकसंध उचलला जातो. म्हणून फोड ताणलेला, जाड छपराचा, दिवसेंदिवस न फुटणारा. इथे फट कुठे यापेक्षा भोवती कोण जमलं आहे, हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो.

इओसिनोफिल असतील तर पेम्फिगॉइड पहिल्या क्रमांकावर. पोकळीत, छपराच्या खालच्या बाजूला आणि वरच्या डर्मिसमध्ये (बाह्यत्वचेखालच्या थरात) ते पसरलेले असतात, कडेला तर बेसल थराला खेटून ओळीनं. पण पेम्फिगॉइड फोड यायच्या आधी आठवडे, कधी महिने, नुसत्या खाजेच्या रूपात असतो. त्या काळातल्या बायोप्सीत फोड नसतोच. बाह्यत्वचेत सूज आणि त्या सुजेत शिरलेले इओसिनोफिल एवढंच असतं. साठीच्या पुढच्या माणसाच्या अशा स्लाइडवर "एक्झिमा" लिहून मोकळं होऊ नका. कीटकदंशातही इओसिनोफिल आणि फोड दोन्ही येतात, पण तिथला दाह पाचरीसारखा खोल उतरतो. गरोदरपणातल्या पेम्फिगॉइडचं चित्र जवळपास असंच. त्याला पूर्वी हर्पीस जेस्टेशनिस म्हणायचे, पण हर्पीसच्या विषाणूशी त्याचा काडीचा संबंध नाही. ते नाव ऐकून घाबरलेल्या बाळंतिणीला हे नीट समजावून सांगावं लागतं.

न्यूट्रोफिल असतील तर तीन नावं. डर्मॅटायटिस हर्पेटिफॉर्मिस हा मला सगळ्यात देखणा वाटतो. 1884 मध्ये फिलाडेल्फियात ड्युहरिंग यांनी त्याचं वर्णन केलं. डर्मिसचे जे उंचवटे बाह्यत्वचेत घुसलेले असतात, त्यांच्या नेमक्या टोकांवर न्यूट्रोफिलचे छोटे पुंजके बसतात. एक टोक, मग मोकळी जागा, मग पुन्हा टोक. मधल्या खाचा रिकाम्या. फोड मोठा झाला की हे पुंजके एकमेकांत मिसळतात आणि ही खूण पुसली जाते, म्हणून इथेही कडच बघायची. याचं मूळ आतड्यात, ग्लुटेनमध्ये आहे. गव्हाची पोळी बंद करून ज्वारी-बाजरी-नाचणीच्या भाकरीवर राहिलं तर कालांतरानं त्वचाही शांत होते. डॅप्सोननं खाज तर दोन-तीन दिवसांत थांबते, मात्र डॅप्सोन देण्याआधी जी-6-पीडी (लाल रक्तपेशी जपणारं एन्झाइम) तपासायला हवं. लीनिअर आयजीए आजारात न्यूट्रोफिल टोकांपुरते न राहता सलग ओळीत पसरतात. लहान मुलांत तो मांड्या, पोट, तोंडाभोवती मण्यांच्या माळेसारखे फोड देतो. मोठ्यांत कधी व्हँकोमायसिनसारख्या औषधानं उठतो. नुसत्या स्लाइडवर या दोघांत फरक करणं पुष्कळदा अशक्य असतं, आणि तसं लिहायला संकोच करू नये. तिसरा, ल्युपसमधला फोड: न्यूट्रोफिल, जोडीला डर्मिसमध्ये म्युसिन, आणि रुग्ण बहुधा तरुण स्त्री.

भोवती कुणीच जमलेलं नसेल तर यादी बदलते. एपिडर्मोलिसिस बुलोसा अ‍ॅक्विझिटा (हाही ऑटोइम्यून, पुढे नुसतं अ‍ॅक्विझिटा म्हणतो) इथे येतो, पॉर्फिरिया कटेनिया टार्डा येतो, मधुमेहाचा फोड येतो. पॉर्फिरियात डर्मिसचे उंचवटे फोडाच्या तळातून बोटांसारखे ताठ वर आलेले असतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती पीएएस रंगात जाड गुलाबी दिसतात. बाह्यत्वचा संपूर्ण मेलेली आणि वरचा शृंगी थर मात्र टोपलीच्या विणीसारखा नीट शाबूत असेल, तर ते टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, बहुधा औषधानं उठणारा जीवघेणा आजार. तो रिपोर्ट टंकनाची वाट पाहत ठेवायचा नाही. ताबडतोब फोन करायचा.

एवढं पाहूनही साध्या एच अँड ई (नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या) स्लाइडवर आपण घराणं सांगू शकतो, नाव नेहमीच नाही. नाव इम्युनोफ्लुरोसन्स सांगतं. 1964 मध्ये बॉयटनर आणि जॉर्डन यांनी बफेलोत पेम्फिगसच्या रुग्णांच्या रक्तात पेशींमधल्या जागांना चिकटणारी प्रतिपिंडं दाखवली, आणि हे आजार ऑटोइम्यून आहेत हे तिथून ठरलं. अंधाऱ्या खोलीत पेम्फिगसची स्लाइड पाहणं हा आजही माझा आवडता क्षण आहे: काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशीभोवती हिरवी रेघ, कोळ्याचं जाळं वाळत टाकावं तशी. ते आयजीजी (प्रतिपिंडाचा एक प्रकार) आणि सी3 (दाह पेटवणारं रक्तातलं प्रथिन). पेम्फिगॉइडमध्ये पेशींमध्ये काही नाही, बाह्यत्वचा आणि डर्मिसच्या सीमेवर एक सलग हिरवी रेघ. सी3 जवळपास नेहमीच, आयजीजी बहुतेकदा. लीनिअर आयजीएमध्ये तशीच रेघ, पण आयजीएची. हर्पेटिफॉर्मिसमध्ये आयजीए, पण रेघ नाही, उंचवट्यांच्या टोकांवर रव्याचे दाणे सांडल्यासारखी. सक्रिय पेम्फिगसमध्ये नीट घेतलेल्या तुकड्यावर जाळं दिसलं नाही, तर माझा पहिला संशय निदानावर जातो, चाचणीवर नाही.

सीमेवरची सलग रेघ पेम्फिगॉइडची आणि अ‍ॅक्विझिटाची सारखीच दिसते, आणि इथे दोन युक्त्या आहेत. एक फुकटची: पातळ सेक्शन, मोठं भिंग, आणि रेघेचा काठ निरखून बघायचा. 2004 मध्ये नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगनच्या मंडळींनी दाखवलं की पेम्फिगॉइडमध्ये काठावर छोट्या कमानी असतात, वरून बंद, इंग्रजी छोट्या एन अक्षरासारख्या. अ‍ॅक्विझिटात त्या उलट्या, खालून बंद, यू सारख्या, उगवत्या गवताच्या पात्यांसारखी टोकं वर काढलेल्या. दुसरी युक्ती मिठाच्या पाण्याची. त्वचेचा तुकडा एक मोलर मिठाच्या द्रावणात थंडीत ठेवला की सीमेवरचा पडदा लॅमिना ल्युसिडा या थरात दुभंगतो. पेम्फिगॉइडची प्रतिपिंडं छपराला चिकटतात, अ‍ॅक्विझिटाची तळाला.

इथे विद्यार्थी हमखास गोंधळतात, म्हणून थांबून सांगतो. इम्युनोफ्लुरोसन्स नसलेल्या लॅबमध्ये पॅराफिन ब्लॉकवर कोलॅजन 4 चा इम्युनो-रंग करता येतो. हे कोलॅजन पडद्याच्या मधल्या थरात, लॅमिना डेन्सात असतं. पेम्फिगॉइडमध्ये रुग्णाची फट त्याच्या वर पडते, म्हणून कोलॅजन 4 तळाला राहतं. अ‍ॅक्विझिटात फट त्याच्याही खाली पडते, म्हणून ते छपराबरोबर वर जातं. म्हणजे अ‍ॅक्विझिटात कोलॅजन 4 छपरावर आणि मिठानं दुभंगलेल्या त्वचेवर प्रतिपिंडं तळाला. दोन वाक्यं परस्परविरुद्ध वाटतात, पण पहिल्यात फट आजारानं पाडली आहे आणि दुसऱ्यात मिठानं, ती ठरलेल्या जागी. कागदावर चार रेघा मारून हे थर एकदा काढा, पुन्हा गोंधळ होणार नाही. तळाला रेघ म्हणजे अ‍ॅक्विझिटाच असंही नाही. ल्युपसचा फोड आणि पी-200 विरोधी पेम्फिगॉइडही तिथेच चमकतात. पी-200 मध्ये काठ एन सारखा असतो, तेवढ्यानं त्याला बाजूला काढता येतं.

त्वचेच्या तुकड्याला जपून न्यावं लागतं, पण रक्ताचा सीरम कुरिअरनं सहज जातो. डेस्मोग्लीन 1 आणि 3, बीपी-180, बीपी-230 (पेम्फिगॉइडमध्ये लक्ष्य होणारी प्रथिनं) यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं मोजणाऱ्या एलायझा चाचण्या मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होतात आणि छोट्या गावच्या डॉक्टरसाठी हा मोठा आधार आहे. पेम्फिगसमध्ये तर उपटलेल्या केसांच्या बाहेरच्या आवरणावरही हिरवं जाळं दिसतं. ज्याला बायोप्सी नको आहे त्याचे काही केस हलके उपटून सलाइनमध्ये पाठवले तरी काम भागू शकतं. उपचारांनंतर आजार शांत झाला का, हे बघायलाही आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ही पद्धत वापरली आहे.

आता तुमची स्लाइड. एका टोकाला फट खाली, दुसऱ्या टोकाला आत. तुम्ही लिहिता की आतल्या बाजूच्या तळाला पेशींचा थर "पातळ" आहे, सुट्या गोल पेशी पोकळीत कुठेच नाहीत, आणि केसाची नळी निरोगी आहे. तुम्ही अ‍ॅकँथोलिसिस पाहिलेला नाही; तुम्ही भरून येणारी कातडी पाहिली आहे. फोड मुळात बाह्यत्वचेखालचाच आहे. ब्लॉक खोल कापा, कड शोधा, पीएएस करा. इओसिनोफिल कमी आहेत म्हणून पेम्फिगॉइड बाद होत नाही. गृहस्थांना मधुमेह आहे, तर त्यांच्या गोळ्यांची पट्टी मागवून घ्या. विल्डाग्लिप्टिन किंवा त्याच्या घराण्यातली ग्लिप्टिन चालू असेल, तर त्या औषधानं उठलेला पेम्फिगॉइड ही खरी शक्यता आहे, आणि त्यात दाह पुष्कळदा फिका असतो. गोळी सुरू केल्यावर महिन्यांनी, कधी वर्षांनी हे होतं, म्हणून रुग्णाला आणि डॉक्टरलाही दोन्हींचा संबंध सुचत नाही. मधुमेहाचा फोडही यादीत ठेवा, पण तो सहसा पायावर असतो आणि त्याला तीन महिन्यांची खाज नसते.

रिपोर्टवर एवढंच लिहा: बाह्यत्वचेखालचा फोड, तळाला पुनर्निर्माण सुरू, अ‍ॅकँथोलिसिस नाही, थोडे इओसिनोफिल, वय आणि खाज लक्षात घेता पेम्फिगॉइडचा दाट संशय, फोडाशेजारच्या त्वचेचा डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स आणि बीपी-180 ची तपासणी करावी, ग्लिप्टिन चालू असल्यास ती बदलण्याबाबत मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलावं. मग तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांना फोन करा. नवा तुकडा सकाळी लवकर घ्यायला सांगा, चार मिलिमीटरचा, फोडापासून सेंटिमीटरभर आत, मांडीचाच. सलाइनच्या बाटलीवर ठळक मार्करनं "फॉर्मेलिन नाही" असं आणि काढल्याची वेळ लिहा, म्हणजे पुढे शहरातल्या लॅबमध्ये ती उघडणारा मुलगा सवयीनं फॉर्मेलिनच्या रॅकवर ठेवणार नाही. त्याच दिवशी दुपारच्या आत बाटली गाडीत बसली पाहिजे. सोबत तुमच्या स्लाइडचा ब्लॉकही पाठवा. कोलॅजन 4 त्यावरच करता येईल.